सुट्टी नेमकी कुणाची?

मे महिना लागला की आमच्या इन्सुलीच्या घाटातून गाड्यांची रीघ सुरू होते. मुंबई-पुण्याकडची मंडळी गोव्याला निघालेली असतात. टपावर बॅगा बांधलेल्या, मागच्या काचांना उन्हासाठी टॉवेल लावलेले, मुलं खिडकीतून डोकावणारी. सावंतवाडी मागे पडली, आता बांदा आलं की पुढे गोवाच! अशा गाडीतल्या बाईकडे माझं हमखास लक्ष जातं. मांडीवर खाऊची पिशवी आणि एक हात मागे वळवून मुलाला पाण्याची बाटली देण्यात गुंतलेला. ती सुट्टीवर निघाली आहे असं सगळे म्हणतात. मला मात्र दर वेळी वाटतं, हिची सुट्टी कधी सुरू होणार?

गोव्याला जाणाऱ्यांचं एक वेळ सोडा. आपल्यातल्या बहुतेकींची सुट्टी म्हणजे गावचं घर. आमच्याकडे चाकरमानी यायचे म्हणजे दोन महिने आधीपासून कोकण रेल्वेच्या तिकिटांची धावपळ. (नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे धावपळ निम्मी झाली म्हणावं तर तसंही नाही.) मोठे दीर, वहिनी, त्यांची मुलं, नणंद, तिची मुलं. घर कसं भरून जातं! मला माणसं आवडतात, अगदी मनापासून सांगते. पण मे महिना हा गावातल्या बाईच्या आयुष्यातला सगळ्यात कामाचा महिना असतो, हे किती जणांना ठाऊक असतं?

मिरगाआधी सगळी आगोट भरायची असते. रतांबे फोडून मीठ लावून सोलं वाळवायची. आंब्याची साठं घालायची, फणसाचे पापड लाटायचे. मालवणी मसाल्याच्या मिरच्या सुकवायच्या, एकेक जिन्नस भाजायचा, कुटून आणायचा. सुकी मासळी डब्यात भरायची, लाकूडफाटा पावसाच्या आत घरात घ्यायचा. आणि नेमकं त्याच वेळी पंधरा माणसांचे सकाळचे घावणे, दुपारची मासळी, चारचा चहा नि रात्रीची भाकरी. सासूबाई म्हणतात, "पावणी काय रोज येतत? चार दिस येतत, खातले, पितले नि जातले." खरं आहे त्यांचं. त्यांनी चाळीस वर्षं हेच केलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेअकराला मागल्या पडवीत वहिनी नि मी रतांबे फोडत बसलो होतो. हात लालभडक झालेले. पुढल्या अंगणात पुरुषमंडळींच्या गप्पा रंगलेल्या. वहिनी डोंबिवलीला राहतात, नोकरी करतात. मला आतून वाटायचं, वर्षातून एकदा येतात, त्यांची मजा आहे. त्या रात्री त्याच म्हणाल्या, "गो, थंय निदान रविवारी बाहेरसून जेवण मागवतंय. हय येतंय तेव्हा दमलेली असतंय नि जातंय तेव्हा त्याच्यापेक्षा दमलेली." मग म्हणाल्या, "तुझा बरा. गावची हवा, शांतता. तुका कसली धावपळ?"

मी हसायलाच लागले. म्हणजे आम्ही दोघी एकाच चुलीपुढे उभ्या राहून एकमेकींचा हेवा करत होतो! आणि खरी सुट्टी अंगणात बसली होती.

सुट्टी ही काही आपोआप मिळणारी वस्तू नव्हे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये आमच्या कोकणातली कितीतरी माणसं राबली. त्यांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून ती मागितली, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची मोठी सभा झाली होती, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही उभ्या राहून बोलल्या होत्या. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी! रविवार गिरणीत मिळाला, स्वयंपाकघरात काही पोचला नाही. उलट रविवार म्हटलं की आपल्याकडे मटण-वडे.

केंद्र सरकारनं २०२४ साली देशभर पाहणी केली होती, कोण आपला वेळ कशात घालवतं याची. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात रोजचे सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषांनी आपलीही नऊ वाचवली! पाच तासांच्या आसपासचं हे काम आपण गावाला जाताना बॅगेत घालूनच नेतो.

परदेशात या विषयाचा बराच अभ्यास झालाय. झाबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोघी संशोधक बाईंनी २००७ मध्ये मांडलं की माणसाला खरा विसावा मिळायला चार गोष्टी लागतात. कामाचा विचार मनातून सुटणं, अंग-मन सैल होणं, काहीतरी नवं शिकल्याचा आनंद आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. पहिली आणि शेवटची वाचताना मी थबकले. ऑफिसात जाणारा माणूस ऑफिस सोडून येतो. ज्या बाईचं कामच घर आहे, तिनं घरून निघून दुसऱ्या घरी जायचं, तिथेही ओटा, तिथेही "मीठ खंय ठेवलंस गो?" काम मनातून सुटणार कसं? आणि वेळ आपल्या हातात असणं म्हणजे काय तर, दुपारी दोन वाजता झोपावंसं वाटलं तर चहाची वेळ कुणाला विचारावी न लागणं. एवढंच. फार मोठं मागणं नाही हे.

हॉलंडमधल्या ५४ नोकरदारांचा आणखी एक अभ्यास २०१३ साली आला. लांब सुट्टीत माणसाला सगळ्यात बरं वाटतं ते आठव्या दिवसाच्या सुमारास, आणि कामावर परतल्यावर आठवडाभरात तो ताजेपणा उतरतो. आपल्याला सलग आठ दिवस कोण देणार! पण त्यातून मी एवढं घेतलं की वर्षातून एकदाच भरपूर विश्रांती घेऊन ती पुरवायची म्हटलं तर पुरत नाही. थोडी थोडी, पण पुन्हा पुन्हा हवी.

त्या रात्रीनंतर आम्ही दोघींनी काय केलं, ते सांगते. भांडण नाही, भाषण नाही. सकाळचा चहा थर्मासात करून ठेवायचा, उठेल त्यानं ओतून घ्यायचा. ज्याचं ताट त्यानं घासायचं, मुलगा असो की जावई. (जावयांचं ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. जावयांनी ताट घासलं, आभाळ कोसळलं नाही.) मासळी दिरांनी बांद्याहून आणायची ती तिथेच साफ करून. दोन दिवसांचे घावणे शेजारच्या वाडीतल्या बाईकडून घ्यायचे, तेही पूर्ण पैसे मोजून. आपला विसावा दुसऱ्या बाईच्या फुकट राबण्यावर नको, हे वहिनींचं म्हणणं मला फार पटलं.

आणि एक दिवस आम्ही बाहेर पडलो. वहिनी, मी आणि सासूबाई, तिघीच. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय आणि पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून प्रवास फुकट. सासूबाई सत्याहत्तरच्या. सावंतवाडीला गाडी बदलून वेंगुर्ला गाठलं. समुद्र इतका जवळ, पण सासूबाई आजवर तिकडे गेल्या त्या कुणाच्या लग्नाला नाहीतर कुणाच्या आजारपणाला. नुसतं बसायला म्हणून कधी नाही.

पहिला अर्धा तास आम्ही तिघी घरच बोलत होतो. दूध तापवलं असेल ना? कोंबड्यांना कोणी दाणे टाकले की नाही? वहिनींनी दोनदा मोबाईल काढला, मी दोनदा. मग तो पिशवीत तळाशी टाकला. हळूहळू बोलणं थांबलं. सुरूच्या झाडाखाली चटई टाकून सासूबाई आडव्या झाल्या आणि चक्क घोरायला लागल्या. त्यांना भरदुपारी झोपलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. जागं झाल्यावर म्हणाल्या, "किती वाजले?" आणि मग स्वतःच, "वाजूंदेत."

घरी आलो तर पुरुषांनी पेज केली होती, बांगडे तळले होते. सगळ्यांची पोटं भरली होती. ओटा मात्र तेलानं असा माखलेला की विचारू नका. माझा हात फडक्याकडे गेला, तेवढ्यात वहिनींनी डोळ्यांनी खुणावलं. तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दिरांनीच पुसला, जरा पुटपुटत.

मैत्रिणींनो, हॉटेलात उतरणं ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल उतरावं. निदान तिथे अंथरूण दुसरं कोणी घालतं. पण निघण्याआधी बॅगा कोण भरणार नि आल्यावर कपड्यांचा ढीग कोण धुणार, हे आधी ठरवून घ्या. नाहीतर चार दिवसांच्या विसाव्याला आठ दिवसांची धुणी चिकटतात.

मे महिन्याचं आमचं आता बऱ्यापैकी बसलंय. गणपतीचं मात्र अजून जमलेलं नाही. गौर माहेराला येते, तिचे लाड होतात, आणि तिचे लाड करायला घरातल्या बायका पहाटेपासून उभ्या. रात्री भजनी मंडळी आली की पुन्हा चहा नि उसळ. यंदा भजनाचा चहा आपण करू, असं दिरांनी फोनवर कबूल केलंय. साखर किती घालायची, ते वहिनींना विचारून घेतलं म्हणे.