नोंदीपुढे वेळ लिही

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ट्विटरवर नुसतं ‘पुणे ऑक्सिजन बेड’ टाकलं, तर बेड मागणारेच दिसत. बेड कुठे आहे हे कळायला ‘व्हेरिफाइड’ जोडायचं आणि ‘नीडेड’, ‘रिक्वायर्ड’ या शब्दांआधी वजाचं चिन्ह द्यायचं. इंजिनिअरिंगला असलेली माझी भाची आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून हे करायची. एका कानात ऑनलाइन लेक्चर, दुसऱ्या कानाला फोन. नाशिक, सोलापूर, नागपूरला आपापल्या घरी अडकलेले तिचे मित्रमैत्रिणी तिच्यासोबत या बेडच्या माहितीची एकच गुगल शीट भरत असत.

सापडलेला नंबर तसाच पुढे ढकलायचा नाही, आधी फोन करायचा. बहुतेक नंबर बंद, नाहीतर एंगेज. लागलाच तर पलीकडून प्रश्नांची सरबत्ती: वय काय, सॅच्युरेशन किती, एचआरसीटीचा स्कोअर, आरटीपीसीआर आलाय का? उत्तर देताना अडखळलं की फोन कट. म्हणून ही माहिती नातेवाइकांकडून आधीच घेऊन ठेवायची. ‘साधा ऑक्सिजन चालेल की व्हेंटिलेटरच हवाय?’ हे ती इतक्या सराईतपणे विचारायची, की ऐकणाऱ्याला नर्सच वाटावी. मग शीटमध्ये नोंद आणि नोंदीपुढे वेळ. वेळ नसलेली नोंद सरळ खोडत, कारण दुपारी दोनला असलेला बेड पावणेतीनला राहीलच याचा भरवसा नसे. रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी ‘आधी पैसे टाका’ म्हणणारा नंबर लाल रंगात जाई.

घरच्या ग्रुपवर काम जास्त नाजूक. कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज आमच्या थोरल्या दादाने टाकला. आता मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? तिने लिहिलं, ‘काका, पुरचुंडी असू दे, पण ऑक्सिमीटर लावून आकडा कळवत जा. ९४ च्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना फोन करा.’ पाठोपाठ केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने काढलेली पालथं झोपण्याची चित्रं टाकली: एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. वहिनीने विचारलं, एवढ्या उशा आणू कुठून? गोधडीच्या घड्या घाला, असं उत्तर गेलं. त्या महिन्यात ग्रुपवर आलेल्या शेकडो फॉरवर्डपेक्षा मला तिचं दादाला दिलेलं दोन ओळींचं उत्तर मोलाचं वाटलं.

खटकलं ते वेगळंच. नंबर खरा की खोटा, हे पोरं डोळ्यांत तेल घालून बघायची. पण मागितलेल्या उपचाराचा उपयोग आहे का, हा रकाना शीटमध्ये नव्हताच. कोरोनातून बरा झालेला, प्लाझ्मा देणारा माणूस शोधण्यात रात्रीच्या रात्री जात. खुद्द भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली होती. प्लाझ्मामुळे मृत्यू टळत नाहीत, आजार बळावणंही थांबत नाही, हा तिचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच छापून आला होता. मी हे भाचीला सांगितलं.

“आत्या, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय. बाप आयसीयूत असलेल्या मुलाला मी काय सांगू, नको शोधूस?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि हा प्रश्न वीस वर्षांच्या मुलीने सोडवायचा नव्हताच.

१७ मे रोजी उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमधून प्लाझ्मा वगळला गेला, तेव्हा तिने शीटमधला तो टॅब काढला. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली होती. त्यामुळे आता सगळ्यात जास्त गर्दी लशीच्या स्लॉटच्या टॅबवर होती.