अदिश आणि सदिश : आकडा तोच, परिणाम वेगळा

विमानतळावरील तापमान २८ अंश सेल्सिअस आहे, एवढे सांगितले की माहिती पूर्ण होते. वारा ताशी ४० किलोमीटर आहे, एवढ्याने मात्र वैमानिकाचे भागत नाही. वाऱ्याची दिशाही कळावी लागते. केवळ परिमाणाने पूर्ण व्यक्त होणाऱ्या तापमान, वस्तुमान यांसारख्या राशींना अदिश म्हणतात. परिमाण आणि दिशा दोन्ही आवश्यक असणाऱ्या वेग, बल यांसारख्या राशींना सदिश.

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्या विमानाला समोरचा वारा उपकारक ठरतो. जमिनीच्या सापेक्ष वेग घटून विमान कमी अंतरात थांबते. तोच वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून आला, तर त्याचा ताशी २० किलोमीटरचा घटक विमानाला बाजूला ढकलतो. काटकोनात आल्यास हा घटक पूर्ण ४० होतो. विमान धावपट्टीवर राखण्याचे आव्हान ठरते ते याच आडव्या घटकावरून.