घरची पेलेट शेगडी – ९ : खंगर

शेगडीचा पंखा आणि बॅटरी हा आजचा विषय होता. तो पुढे ढकलतोय, कारण लखनौहून एक पाकीट आलं आणि त्यात पत्राबरोबर कागदात गुंडाळलेला एक तुकडा निघाला. अक्रोडाएवढा, करडा-हिरवट, एका अंगाला काचेची झिलई. भिंग धरलं की आत बुडबुडे दिसतात आणि कडेला एक अर्धवट जळकी पेलेट, म्हणजे दाबून केलेली इंधनाची कांडी, रुतून बसलेली. चमच्यानं ठोकला तर खणखणीत वाजतो. याला म्हणतात खंगर.

पाठवणाऱ्या बाई अलीगंजात राहतात. यजमानांची नोकरी पुण्यात असताना घेतलेली ‘ऊर्जा’ शेगडी त्यांनी बदलीच्या सामानातून लखनौला नेली. म्हणजे आपली जुनी ओळखीचीच : बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंद यांच्या गटानं घडवलेली, बीपी कंपनीनं २००६ मध्ये बाजारात आणलेली आणि २००९ मध्ये पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेलेली. पुण्यात चिपाडाच्या नि शेंगांच्या टरफलांच्या पेलेट्सवर ती निमूट चालली. लखनौत बाई थंडीत गच्चीवर तिच्यावर मटारचा निमोना करतात. हल्ली मात्र अर्ध्या तासात ज्योत पिवळी पडते, धूर येतो आणि जाळीवर ‘हा दगड’ बसतो. त्या विचारतात, शेगडी म्हातारी झाली का?

शेगडी ठणठणीत आहे. तिच्या पोटात जाणारं बदललंय. तिकडे भातगव्हाचा पेंढा मुबलक, आणि त्याच्या पेलेट्सना औष्णिक वीजकेंद्रांत गिऱ्हाईक आहे. उत्तर प्रदेशातच दादरीला एनटीपीसीनं २०१७ मध्ये कोळशाबरोबर पेलेट्स जाळून पाहिल्या. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं कोळशावरच्या केंद्रांना असं मिश्रण बंधनकारक करणारं धोरण आणलं. आता वीजकेंद्रात पेलेट दळून भुकटी होते आणि राख काढायला मोठी यंत्रणा असते. आपल्या शेगडीत ती सगळी जाळीवरच पडून राहते.

पेंढ्याच्या राखेत सिलिका भरपूर आणि पोटॅशही भरपूर. नुसती सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअस लागतात. पोटॅशची जोड मिळाली की हीच राख आठशेच्या आसपास मऊ पडायला लागते. फिरोजाबादचे बांगड्यांचे कारागीर वाळूत सोडा घालून काच वितळवतात, तोच कारभार इथे जाळीवर चालतो. निखाऱ्याच्या थरात तेवढी उष्णता सहज असते. राख चिकट होते, भोकांवर पसरते, खालची हवा अडते. हवा अडली की ज्योत मरते आणि धूर सुटतो.

गंमत म्हणजे भाताचा तूस याच्या अगदी उलट. त्यात राख जवळजवळ २० टक्के, पण पोटॅश कमी. म्हणून ती वितळत नाही. पेलेट जळून जाते आणि तिचा आकार तसाच उभा राहतो. ६०० ग्रॅम भरल्या तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास राख! लाकडाच्या भुशाची चांगली पेलेट मात्र टक्का-दीड टक्क्यात आवरते. डेन्मार्कमध्ये तर पेंढा काही दिवस शेतातच पावसात भिजू देणं बॉयलरला मानवतं, कारण पोटॅश धुऊन जातो. (पेलेट झाल्यावर भिजवू नका, तिचा नुसता भुगा होईल.)

आता सफाई. शेगडी रात्रभर निवू द्या. खंगर जाळीला धरून बसला असेल तर छिन्नी-हातोडीच्या भानगडीत पडू नका. आतलं सिरॅमिकचं अस्तर तडकतं. जाळी सुटी निघत असेल तर बाहेर काढून कडेला हलकेच आपटा, उरलेलं तारेच्या ब्रशनं खरवडा. जाळीच्या भोकांतून सायकलची जुनी आरी फिरवा. वरच्या कडेला जी भोकांची रांग आहे, तिथून ज्योतीला हवा मिळते. तिथे आरी खुपसू नका, कारण काजळी मागच्या पोकळीत जाऊन बसते. आरीचं टोक किंचित वाकवून काजळी आपल्याकडे ओढून घ्या. मग रिकाम्या शेगडीत पंखा पूर्ण वेगानं दोन मिनिटं चालवा. तोंड मात्र लांब ठेवा.

शेवटी परीक्षा. पंखा मंद करा आणि पेटती उदबत्ती वरच्या प्रत्येक भोकासमोरून हळूहळू फिरवा. धूर झटक्यानं वळला तर भोक मोकळं. सरळ वर गेला तर पुन्हा आरी. पाणी यात कुठेही नाही, अस्तराला नाही आणि पंख्याला तर नाहीच. पंख्याच्या पात्यांना रंगाऱ्याचा कोरडा ब्रश पुरतो. राखाडी रोज काढायची, भोकं महिन्यातून एकदा.

लखनौच्या बाईंना आणखी एक काम. पुढचं पोतं घेण्याआधी १०० ग्रॅम नमुना आणा, गच्चीवर लोखंडी तव्यात पांढरी राख होईपर्यंत जाळा आणि निवल्यावर ती राख स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. जितके ग्रॅम, तितके टक्के. पाचच्या वर गेली तर दुकानदाराला नमस्कार करून निघा. घरातलं पोतं संपवायचंच असेल तर निम्म्या भुशाच्या पेलेट्स मिसळा आणि ज्योत संपून नुसता निखारा उरला की पंखा कमी करा. आच कमी, खंगर कमी.

पत्राच्या शेवटी त्यांनी सहज विचारलंय : जानेवारीच्या धुक्यात शिल्लक निखाऱ्यासकट शेगडी खाली खोलीत आणली तर चालेल का? नाही, दार किलकिलं ठेवूनही नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारा निरुपद्रवी वाटतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्याच वेळी भरपूर सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशी बातमी उत्तरेत दर हिवाळ्यात छापून येते. निखारा गच्चीवरच पत्र्याच्या डब्यात झाकण लावून विझू द्या, आणि खाली जाताना रजई घ्या.

पंखा आणि बॅटरी पुढच्या आठवड्यात. आणखी कुणाचं पाकीट आलं नाही तर.