पावलं कुठून आली?

*स्पर्धेत शत्रू पडद्यावर दिसण्याआधी कानांना कळतो. म्हणून गेमिंगचा हेडफोन निवडताना खोक्यावरचे आकडे बाजूला ठेवायचे आणि आपले कान काम कसं करतात, तिथून सुरुवात करायची.*

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात काउंटरवर तीन खोकी मांडली होती. एकावर ‘७.१ सराउंड’, दुसऱ्यावर ‘५० मिलिमीटर ड्रायव्हर’, तिसऱ्यावर ‘डीप बास’. माझा भाचा नुकताच कॉलेजच्या ‘व्हॅलोरंट’ टीममध्ये निवडला गेलाय. साठवलेले पाच हजार रुपये खिशात घालून तो आला होता. तिन्ही खोक्यांकडे बोट दाखवत दुकानदार एकच सांगत होते, ‘‘गेमिंगला हा एक नंबर.’’ तासाभराने आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो.

घरी मी त्याच्या डोळ्यांना रुमाल बांधला. आंधळी कोशिंबीरच, फक्त त्याने खुर्चीवर बसून राहायचं आणि मी किल्ल्यांचा जुडगा वाजवत हॉलभर फिरायचं. डावीकडे वाजवला, बोट डावीकडे. दाराशी वाजवला, बोट दाराकडे. पाठीमागे वाजवला तरी अचूक. मग त्याला सांगितलं, ‘‘आता कानांच्या पाळ्या हातांनी डोक्याला चिकटवून धर, भोक मात्र उघडं ठेव.’’ डावं-उजवं त्याला अजूनही कळत होतं. पण मी नेमकी समोर उभी राहून किल्ल्या वाजवल्या, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मागे.’’ पुन्हा वाजवल्या. पुन्हा ‘‘मागे.’’

हेडफोन निवडताना लागणारं जवळपास सगळं ज्ञान या खेळात आहे.

दोन कान, एक अंतर

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. उजवीकडून आलेला आवाज आधी उजव्या कानात शिरतो, आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाशी पोचायला त्याला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशीर होतो. मेंदू याहून कितीतरी बारीक, सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकही ओळखू शकतो. शिवाय डोकं आड येतं, म्हणून लांबच्या कानाला बारीक पट्टीचे आवाज थोडे मंद ऐकू येतात. जाड आवाजांची दिशा वेळेवरून आणि बारीक आवाजांची मोठेपणावरून कळते, ही मांडणी लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये केली.

पण नेमका समोरचा आणि नेमका पाठीमागचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, एकसारखाच पोचतो. तिथे कामाला येतात कानाच्या बाहेरच्या घड्या. समोरून, मागून, वरून येणाऱ्या आवाजाला त्या वेगवेगळा पोत देतात, आणि आपल्याच कानांचा तो पोत मेंदू लहानपणापासून शिकलेला असतो. भाच्याने पाळ्या दाबल्या आणि ती ओळखच पुसली गेली.

हेडफोनही एका अर्थी हेच करतो. आवाज थेट कानाशी सोडला की डोक्याचा वळसा नाही आणि घड्यांचा पोतही नाही. मग गेममध्ये मागून येणारी पावलं मागून का वाटतात? कारण तो पोत कुणीतरी हिशेबाने आवाजात मिसळलेला असतो. या हिशेबाला ‘एचआरटीएफ’ म्हणतात. माणसांच्या किंवा पुतळ्यांच्या कानात छोटे माइक बसवायचे, चहूबाजूंनी आवाज सोडायचे आणि प्रत्येक दिशेचा आवाज कसा बदलतो ते मोजायचं, अशी त्याची रीत आहे.

‘७.१’चा शिक्का

७.१ म्हणजे खोलीत मांडलेले सात स्पीकर आणि एक सबवूफर. हेडफोनमध्ये बहुधा प्रत्येक कानाला एकच स्पीकर असतो. सात स्पीकरांचा भास सॉफ्टवेअर उभा करतं. खोक्यावरचा ७.१ हा बहुतेक वेळा त्या सॉफ्टवेअरचा शिक्का असतो.

आणि हे काम आता गेम स्वतःच करतात. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये ही सोय २०१७ साली आली, ‘व्हॅलोरंट’मध्ये २०२१ साली. शत्रू नेमका कुठे उभा आहे हे गेमला आतून ठाऊक असतं, त्यामुळे त्याचा हिशेब सरस असतो. त्यावर हेडफोनचा सराउंडही चालू ठेवला तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा धूसर होते. म्हणून गेममधला एचआरटीएफ चालू करा आणि बाकी सगळीकडचा सराउंड बंद. साधा, चांगला स्टिरिओ हेडफोन पुरतो.

बास किती हवा?

गणपतीत ढोलपथक दारावरून जात असताना स्वयंपाकघरात काय वाजतंय ते कळत नाही. जाड, मोठा आवाज त्याच्याहून बारीक आवाजांना झाकून टाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. गेममध्येही तेच. वाढवलेल्या बासवर स्फोट दणदणीत वाटतो, पण त्याच क्षणी जिन्यावर चढणारी पावलं, बंदूक भरल्याची खट् किंवा दार सरकल्याचा आवाज त्याखाली दबतो. स्पर्धेत बारीक आवाज कामाचे. म्हणून ‘डीप बास’वाला हेडफोन सिनेमासाठी ठीक, सामन्यासाठी नको.

ड्रायव्हर म्हणजे कपातला स्पीकर. त्याच्या मिलिमीटरवरून आवाजाची प्रत ठरत नाही. चाळिसाचा नीट जुळवलेला ड्रायव्हर पन्नासाच्या ढोबळ ड्रायव्हरपेक्षा कितीतरी स्वच्छ वाजतो. त्यापेक्षा दुकानात एक साधी परीक्षा घ्या. मोबाइलवर बातम्या लावा. निवेदकाचा आवाज कपाळाच्या बरोबर मध्ये यायला हवा. तो एका बाजूला झुकत असेल तर दोन्ही कानांचे स्पीकर सारखे नाहीत, आणि प्रत्येक शत्रू तुम्हाला थोडा सरकलेला भासेल.

बंद की उघडा?

कपांची पाठ जाळीची असेल तो उघडा हेडफोन. त्यात आवाज मोकळा आणि खोल्यांचं अंतर स्पष्ट वाटतं. बेयरडायनॅमिकचा ‘डीटी ९९० प्रो’ गेमर मंडळींना आवडतो तो यासाठी. पण त्याचं २५० ओम रोधाचं मॉडेल मोबाइलवर दुबळं वाजतं, त्याला वेगळा अँप्लिफायर लागतो. मोबाइल-लॅपटॉपवर खेळणाऱ्याने ३२ ओमच्या आसपासचा पाहावा.

शिवाय उघड्या हेडफोनमध्ये बाहेरचं सगळं आत येतं. दोन खोल्यांच्या घरात डोक्यावर पंखा, शेजारी टीव्ही आणि आत कुकर असेल, तर बंद पाठीचाच घ्या. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज कमी ठेवूनही पावलं ऐकू येतात.

गाद्यांकडेही बघा. रेक्झिनच्या गाद्या बाहेरचा आवाज चांगला अडवतात, पण आपल्या दमट हवेत कान घामेजतात आणि पुढे त्यांचे पापुद्रे निघू लागतात. कापडी किंवा मखमली गाद्या हवा खेळू देतात, आवाज थोडा कमी अडवतात. गाद्या सुट्या मिळतात का, हे दुकानात विचाराच. चष्मा असेल तर चष्म्यासकट पंधरा मिनिटं घालून बसा. कानशिलं दुखली की तो नको. तीन तासांच्या सामन्यात हेच दुखणं लक्ष खातं.

वायरचा भरवसा

मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळणारी पुष्कळ मुलं ब्लूटूथचे इअरबड वापरतात. साध्या ब्लूटूथवर आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो. डोळ्यांना काही दिसून बोट हलायलाच माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याची गोळी सुटते तेव्हा आपल्या कानात त्याच्या पावलाचा आवाज जेमतेम येत असतो. ‘गेम मोड’ने हा उशीर कमी होतो, संपत नाही. शिवाय ब्लूटूथचा माइक चालू केला की बऱ्याच जोड्या फोनकॉलच्या दर्जावर उतरतात आणि दिशा हरवते. बिनवायरी हवाच असेल तर यूएसबी डोंगलवर २.४ गिगाहर्ट्झने चालणारा घ्या. कमी पैशांत सगळ्यात भरवशाची मात्र वायरच. लॅपटॉपला एकच भोक आणि हेडफोनला दोन पिना असतील तर जोडणारी छोटी वायर सोबत घ्या.

माइक साधा चालतो, पण टीमला ‘कॉल’ स्पष्ट जायला हवा. तो तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर ठेवा. श्वासाचे फटके बसत नाहीत.

जाहिरातीत विजेत्याच्या डोक्यावर दिसणारा हेडफोन बघून भुलू नका. अनेक मोठ्या स्पर्धांत खेळाडू गेमचा आवाज कानात घातलेल्या छोट्या इअरफोनमधून ऐकतात. वरचा मोठा हेडसेट प्रेक्षकांचा आरडाओरडा आणि समालोचन रोखण्यासाठी असतो, त्यात नुसती सरसर वाजत असते. प्रेक्षक ओरडले की शत्रू कुठे आहे ते कळेल, म्हणून ही खबरदारी.

कान एकदाच मिळतात

आता सगळ्यात महत्त्वाचं. पावलं हळू आणि बंदूक मोठी, त्यामुळे पावलांसाठी आवाज वाढवला की बंदूक कानात फुटते. एका कानाच्या आत साधारण १५,००० केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे मोठ्यांनी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांनी ४० तास ७५ डेसिबल इतकंच ऐकावं. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला फक्त १०. आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांखाली ठेवावा, असंही संघटना सांगते. खेळ संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो आवाज नक्कीच जास्त होता. शिट्टी थांबत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. ज्या बारीक आवाजांवर सामना जिंकायचा, तेच आवाज आधी हरवतात.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तपकीर गल्लीत गेलो. भाच्याने बंद पाठीचा, ३२ ओमचा, वायरचा, कापडी गाद्यांचा साधा स्टिरिओ हेडफोन निवडला. बातम्या लावून बघितल्या, निवेदिका बरोबर कपाळात. पैसेही उरले.

त्या रात्री त्याने गेममध्ये मित्राला आपल्याभोवती पळायला सांगितलं आणि डोळे मिटून बोटाने दिशा दाखवत बसला. आधी चुकत होता, हळूहळू जमू लागलं. मित्राची पावलं नीट कळतील इतपतच आवाज ठेवून आम्ही वायरवरच्या चाकाशी माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. चाक त्या ठिपक्यापुढे जात नाही. ‘‘मावशी, एवढ्यातही मागचा कळतो गं,’’ तो डोळे न उघडता म्हणाला, आणि बोट पाठीमागे नेलं.