गाभारा आणि शेताचा कोपरा

जेरुसलेमच्या मंदिरात सगळ्यांत आत एक खोली होती. तिथे वर्षातून एकाच दिवशी, एकाच माणसाला पाऊल टाकता येई. दिवस सातव्या महिन्याचा दहावा, म्हणजे योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस, आणि माणूस महायाजक. एरवी त्याचा थाट मोठा असे: छातीवर बारा रत्नांचा पट, झग्याच्या घेराला सोन्याच्या घंटा, कपाळावर सोन्याची पट्टी. त्या दिवशी आत जाताना मात्र तो हे सगळे उतरवी, स्नान करी आणि साधी लिननची वस्त्रे नेसे. निखाऱ्यांवर दोन ओंजळी धूप टाकून खोली धुराने भरून जाऊ देई आणि मग गोऱ्ह्याचे व बोकडाचे रक्त बोटाने शिंपडी. दुसऱ्या एका बोकडावर दोन्ही हात ठेवून तो साऱ्या लोकांच्या अपराधांची कबुली देई आणि ते ओझे घेऊन तो बोकड रानात सोडला जाई.

हा विधी बायबलच्या जुन्या करारातल्या ‘लेवीय’ या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात आहे. वरवर वाचणाऱ्याला तो रक्तबंबाळ आणि अनाकलनीय वाटतो. जेकब मिलग्रोम या अभ्यासकाने लेवीयवर १९९१ ते २००१ या काळात तीन जाडजूड खंडांचे भाष्य प्रसिद्ध केले. त्याच्या मते या रक्ताने शुद्ध होते ती वास्तू. लोकांचे अपराध आणि अशुद्धी कुठेही घडोत, त्यांचा मळ दूरवरच्या पवित्रस्थानावर साचत जातो. तो वेळेवर पुसला नाही, तर देव तिथे राहत नाही. मला हे विवेचन पटते, कारण त्यामुळे पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. गाभाऱ्याचे पावित्र्य भिंतींनी राखले जात नाही. बाहेर माणसे कशी वागतात यावर ते टिकते.

या धर्मशास्त्रात जगाची विभागणी दोन प्रकारे होते. एक पवित्र आणि सामान्य अशी, दुसरी शुद्ध आणि अशुद्ध अशी. हा भेद ओळखणे आणि लोकांना शिकवणे हे याजकाचे मुख्य काम, असे दहाव्या अध्यायात सांगितले आहे. सामान्य म्हणजे वाईट नव्हे. घर, बाजार, आठवड्याचे सहा दिवस, रोजची भाकरी हे सगळे सामान्यच. पावित्र्याला पायऱ्या असतात: छावणी, मग अंगण, मग पवित्रस्थान आणि शेवटी परमपवित्रस्थान. मंदिराच्या आधी वाळवंटात असलेल्या निवासमंडपाचे, म्हणजे तंबूतल्या पवित्रस्थानाचे, अंगण १०० हात लांब आणि ५० हात रुंद सांगितले आहे, तर सर्वांत आतली खोली लांबी, रुंदी, उंचीला १० हात. पुढे मंदिरातल्या खोलीतही मूर्ती नव्हती. इ. स. पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे जेरुसलेम जिंकून थेट आत शिरला, तेव्हा त्यालाही तिथे कुठल्या देवाची प्रतिमा दिसली नाही.

अशुद्धीबद्दल आपल्याकडच्या वाचकाला सोयर-सुतक आठवेल आणि ते आठवणे साहजिक आहे. बाळंतपण, मासिक पाळी, काही त्वचारोग, प्रेताचा स्पर्श ही अशुद्धीची कारणे. मुलगा झाला तर आईला ४० दिवस, मुलगी झाली तर ८० दिवस. पण यातली बहुतेक कारणे पाप मुळीच नाहीत. मूल होणे हा आशीर्वाद, आईबापांना मूठमाती देणे हे कर्तव्य. तरी दोन्हींत अशुद्धी येते. ती पाण्याने, ठरलेल्या दिवसांनी, पुष्कळदा नुसत्या सूर्यास्ताने जाते. आणि महत्त्वाचे म्हणजे जन्मानेच अशुद्ध ठरलेला माणसांचा गट या नियमांत कुठेही नाही. ही गोष्ट मराठी वाचकाने थांबून लक्षात घ्यावी. जन्माने मिळणारा अधिकार मात्र आहे: याजकपद पहिला महायाजक अहरोन याच्या वंशातच राहते आणि त्या वंशातल्या अंध किंवा लंगड्या माणसाला पवित्र अन्न खाता येते, वेदीपाशी सेवा करता येत नाही. हा नियम कठोर आहे आणि त्याची सफाई देण्यात अर्थ नाही.

पावित्र्य धोकादायकही असते. अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, न सांगितलेला अग्नी घेऊन पुढे गेले आणि जागीच भस्म झाले. बैल अडखळले म्हणून कराराच्या कोशाला, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पवित्र पेटीला, हात लावून सावरणारा उज्जाही मेला. मोशे आणि अहरोन यांच्याविरुद्ध कोरहाने केलेल्या बंडात ठार झालेल्या २५० माणसांची धुपाटणी तर फेकूनही देता आली नाहीत. देवापुढे आल्यामुळे ती पवित्र झाली होती, म्हणून ती ठोकून त्यांचा पत्रा वेदीवर मढवला.

इथपर्यंतचे पावित्र्य जागांचे, वस्तूंचे आणि याजकांचे. लेवीयच्या सतराव्या ते सव्विसाव्या अध्यायांत सूर बदलतो. १८७७ मध्ये ऑगस्ट क्लोस्टरमान या जर्मन अभ्यासकाने या भागाला ‘पावित्र्यसंहिता’ असे नाव दिले. इथे पवित्र होण्याची आज्ञा साऱ्या समाजाला आहे. एकोणिसावा अध्याय त्या आज्ञेने सुरू होतो आणि लगेच आईबापांचा मान, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, मग शेत अशा रोजच्या व्यवहारात उतरतो. कापणी करताना शेताचे कोपरे साफ करायचे नाहीत, पडलेला सरवा वेचायचा नाही, द्राक्षमळ्यात गळलेली फळे उचलायची नाहीत. ती गरिबाची आणि परक्याची. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे अडकवायची नाही. बहिऱ्याला शिव्याशाप द्यायचे नाहीत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवायचा नाही. तराजू खरा, वजने खरी, मापे खरी. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची प्रसिद्ध आज्ञा इथलीच, आणि तेच प्रेम परदेशी माणसावरही करावे, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, अशी आठवण त्याच अध्यायात पुढे दिली आहे.

शेताच्या कोपऱ्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बेथलेहेमात जवाच्या कापणीत सरवा वेचणारी परदेशी विधवा रूथ याच रिवाजावर जगली. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी कायद्याच्या संग्रहात या एका विषयावर ‘पेआ’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. कोपरा किती मोठा ठेवायचा हे लेवीय सांगत नाही. मिश्नाने किमान साठावा भाग ठरवला. गरिबांनी विळे-कुदळी वापरायच्या नाहीत, म्हणजे झुंबडीत एकमेकांना इजा होणार नाही. दिवसातून तीन वेळा त्यांना शेतात येऊ द्यायचे. मालकाने एकाला वेचू दिले आणि दुसऱ्याला नाही, किंवा एकालाच हाताने मदत केली, तरी ती गरिबांची चोरी. म्हणजे तो कोपरा मालकाने कृपेने दिलेला नव्हताच, तो गरिबाच्या हक्काचा होता. मला या साऱ्या धर्मशास्त्रातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. त्याच पावित्र्यसंहितेतल्या पंचविसाव्या अध्यायात दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत देण्याचा कायदा आहे, आणि त्याच अध्यायात परदेशी गुलाम कायमचे बाळगण्याची मुभाही आहे. दोन्ही वाचावे लागते.

या नियमांचा एक धागा आपल्या कोकणातही होता. लेवीयच्या अकराव्या अध्यायात खाण्याजोग्या प्राण्यांची यादी आहे. जलचरांपैकी ज्यांना पर आणि खवले दोन्ही आहेत तेवढेच खायचे. म्हणजे कोळंबी, खेकडा, तिसऱ्या वर्ज्य. त्या अध्यायाच्या शेवटाकडेही पवित्र राहण्याचीच आज्ञा येते. अलिबाग परिसरातले बेने इस्राएल हे यहुदी लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची परंपरा सांगते की दावीद राहाबी नावाच्या पाहुण्याने बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली. त्यांनी बिनखवल्यांची बाजूला काढली, तेव्हा ही माणसे यहुदी आहेत अशी त्याची खात्री पटली. ग्रंथ हाताशी नसताना जे टिकले ते चुलीवर आणि घाण्यावर टिकले.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले. महायाजक, बोकड, आतली खोली हे सगळे त्याबरोबर संपले. मजुरीचा आणि तराजूचा नियम पाळायला मंदिर लागत नव्हते. लेवीयचा एकोणिसावा अध्याय अवघ्या ३७ ओव्यांचा आहे आणि मराठी बायबलमध्ये सहज मिळतो. तो एकदा सलग वाचा.