हिवाळ्याआधीचा गोठा

२०२४ च्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला गेले, तेव्हा दोघी-तिघींनी नाक मुरडून विचारलं, "अगं, तुझ्या कोटाला हा गवताचा वास कसला?" खरं सांगायचं तर तो नुसता गवताचा वास नव्हता. मी सरळ गोठ्यातून आले होते.

त्याचं असं झालं. आम्ही ओहायोत, क्लीव्हलंडच्या दक्षिणेला वेन परगण्यात राहतो. घरापासून दोन मैलांवर एका बाईंचा अल्पाकांचा फार्म आहे. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंचं त्या सप्टेंबरात खुब्याचं ऑपरेशन झालं आणि सकाळची कामं बघायला कुणीतरी हवं होतं. मी नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते. लहानपणी आजोळी म्हशी पाहिल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर "मी येते" म्हणून बसले.

अल्पाका म्हणजे उंटाच्या कुळातला, पेरू-बोलिव्हियाच्या उंच पठारांवरचा प्राणी. पाठ आपल्या कमरेएवढ्या उंचीवर, मान लांब, पायाला खुरांऐवजी मऊ गादी आणि दोन नखं, वरच्या जबड्याला पुढे दातच नाहीत. एकमेकांशी बोलताना 'हंऽऽ' असं गुणगुणतात. पिलाला 'क्रीआ' म्हणतात. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "क्रीआचं वजन कर." मला कळेना, कुठल्या क्रियेचं वजन करायचं!

हे प्राणी अमेरिकेत आणले जाऊ लागले १९८४ पासून. पुढे त्यांचे भाव असे चढले की एकेका मादीला वीस-पंचवीस हजार डॉलर मोजणारी माणसं होती. लोकरीच्या किमतीशी या भावांचा मेळ बसत नाही, हा फुगा आहे, असं सैटोन आणि सेक्स्टन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली लिहिलं, आणि मंदीत तो फुटलाच. बाईंनी ऐन फुग्यात खरेदी केली होती. आता त्यांच्याकडे बावीस अल्पाका आहेत, त्यांतले निम्मे म्हातारे. विकायला काढले तर कुणी घेणार नाही आणि फुकट द्यायला बाईंचा जीव होत नाही.

तर सकाळी साडेसहाला टॉर्च घेऊन जायचं. आधी मोजायचे. बावीस भरले की मग त्यांचं शौचकूप बघायचं. अहो, हसू नका. अल्पाका सगळे मिळून ठरावीक जागीच लेंड्या टाकतात, त्यामुळे झाडलोट सोपी, आणि कुणाचं पोट बिघडलंय तेही लगेच दिसतं. हे खत कुजवत न बसता सरळ वाफ्यात घालता येतं. माझ्या मेथीला ते फारच मानवलं. मग पाणी. बर्फासारखं गार पाणी ते नीट पीत नाहीत, म्हणून विजेवर कोमट राहणाऱ्या बादल्या नोव्हेंबरच्या आधीच तपासून ठेवायच्या.

गवताचा हिशेब मात्र मी वहीत मांडला. एका जनावराला दिवसाला अडीच पौंड सुकं गवत, म्हणजे बावीस जणांना पंचावन्न. गठ्ठा साधारण पंचेचाळीस पौंडांचा. नोव्हेंबर ते एप्रिल एकशे ऐंशी दिवस धरले, तर नासधूस सोडून दोनशे वीस गठ्ठे झाले. शेजारच्या आमिश शेतकऱ्याकडून बाईंनी अडीचशे घेतले. थंडी वाढली की खुराक नाही, गवत वाढवायचं. ते पोटात आंबताना जी ऊब निघते, तीच त्यांची शेगडी.

माझी पहिली चूक दारांची. ऑक्टोबरात थंड पाऊस लागला म्हणून मी माया करून गोठ्याची सगळी दारं बंद करून आले. दुसऱ्या दिवशी बाई कुबड्या टेकत आल्या आणि मला म्हणाल्या, "खाली बस, त्यांच्या नाकाच्या उंचीला. आता श्वास घे." डोळ्यांतून पाणीच आलं! मूत्राचा अमोनिया. बाईंचं म्हणणं असं की कोरडी थंडी यांना सोसते. अँडीजमध्ये रात्री गोठतंच की. ओली लोकर आणि कोंडलेली दमट हवा सोसत नाही, त्यानं फुप्फुसं धरतात. तेव्हापासून वाऱ्याची बाजू बंद आणि दुसरी उघडी.

अँडीजचं दुसरं वैभव आमच्याकडे नाही, ते म्हणजे ऊन. सप्टेंबरअखेर जन्मलेल्या काळपट तपकिरी पिलाला ओहायोच्या ढगाळ हिवाळ्यात ड जीवनसत्त्व कमी पडून मुडदूस होऊ शकतो, म्हणून त्याला ते वेगळं द्यावं लागतं. आणि दर महिन्याला सगळ्यांना जंताचं इंजेक्शन, कारण इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या लेंड्यांतून एक जंत गोगलगाईत जातो, गवताबरोबर ती गोगलगाय अल्पाकाच्या पोटात, आणि तिथून जंत थेट पाठीच्या कण्यात. हरणाला काही होत नाही, अल्पाकाचे मागचे पाय मात्र लटपटू लागतात. जमीन घट्ट गोठेपर्यंत ही इंजेक्शनं सुटत नाहीत.

पण हिवाळ्याआधीचं खरं काम हातानं चाचपण्याचं. लोकर मे महिन्यात कातरतात. ऑक्टोबरपर्यंत ती इतकी भरते की सगळेच गुबगुबीत दिसतात. म्हणून पाठीच्या मध्यावर लोकरीत हात खुपसायचा, अंगठा कण्याच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. छपरासारखा सरळ उतार लागला तर ठीक. फुगवटा लागला तर लठ्ठ. आणि खड्डा लागला तर काळजी.

सोळा वर्षांची मेपल मला कळपात सगळ्यांत धष्टपुष्ट वाटायची. तिच्या लोकरीत हात घातला आणि कणा करवतीसारखा लागला. काट्यावर चढवली, तर एकशे बारा पौंड. आदल्या वर्षी एकशे चौतीस होती. महिनाभर मी तिला रोज बघत होते! डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं: दाढा झिजलेल्या, एक हलणारी. ती गव्हाणीपाशी सगळ्यांबरोबर उभी राहायची, चावायची, आणि अर्धवट चावलेलं खाली पडायचं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "थँक्सगिव्हिंगच्या आत ठरवू. जमीन गोठली की खड्डा खणता येत नाही." मला त्यांचा रागच आला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलंसुद्धा, की ही बाई दगड आहे. पण दुसऱ्या दिवशी बघते तो बाईंनी एक कोपरा आडव्या फळ्या लावून वेगळा केलेला, मेपलबरोबर तिची लेक हेझल ठेवलेली (एकटा अल्पाका झुरतो), आणि बीटचा सुका चोथा बादलीत भिजत घातलेला. नुकतं ऑपरेशन झालेल्या बाईनं त्या फळ्या कशा उचलल्या, मी विचारलं नाही.

मग दिवसातून तीनदा भिजवलेला चोथा आणि दर शनिवारी वजन. एकशे अकरा. पुन्हा एकशे अकरा. त्या आठवड्यात बाईंनी ट्रॅक्टरवाल्याला फोन करून जागा दाखवली, कुंपणाच्या कडेला, मेपल वृक्षाखाली. पुढच्या शनिवारी एकशे चौदा. मी काट्यावर दोनदा चढवली, खोटं वाटलं म्हणून. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी एकशे सतरा. ट्रॅक्टरवाल्याला बाईंनी काय सांगितलं ठाऊक नाही, पण तो आला नाही.

तो हिवाळा तिनं काढला. २०२५ च्या मे मध्ये लोकर उतरली, तेव्हा उघडी मेपल बघवत नव्हती, पण चरत होती. आता ती सतरा वर्षांची आहे, बाई काठीशिवाय चालतात, आणि तरी मी सकाळी जातेच. नवे गठ्ठे येऊन पडलेत. परवाच्या शनिवारी काटा एकशे एकोणीसवर थांबला. मी कणा चाचपत होते, तर तिनं मान वळवून माझ्या कोटावर हिरवंगार थुंकलं.