रक्ताचा रिपोर्ट आणि समाजशास्त्राच्या तीन दृष्टी

"डॉक्टरसाहेब, रिपोर्टात काय आहे ते आम्हांला सांगा, पण पाहुण्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. मुलीचे जमत आले आहे."

सिकलसेलची तपासणी करणाऱ्या आपल्या भागातील डॉक्टरांना हे वाक्य अपरिचित नाही. समोर बसलेली मुलगी बहुधा आजारी नसते. ती केवळ वाहक असते. तिला औषधाची गरज नसते, तरीही एका कागदामुळे तिचे लग्न मोडू शकते. या भीतीचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली होत नाही. त्यासाठी समाजशास्त्राचे बोट धरावे लागते.

फ्रेंच विचारवंत ऑग्यूस्त काँत यांनी १८३८ साली या शास्त्राला नाव दिले. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्र विभागाची धुरा आली आणि पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपास आणला. व्यक्तीच्या वागण्यामागे समाजाची रचना कशी काम करते, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न. त्याच्या प्राथमिक संकल्पना तीन-चारच आहेत. मुलगी, वधू, रुग्ण हे 'दर्जे' होत. प्रत्येक दर्जाकडून अपेक्षित असलेले वर्तन म्हणजे 'भूमिका'. विवाह, कुटुंब, जात या 'संस्था'. आणि त्यांना धरून ठेवणारे लिखित-अलिखित नियम म्हणजे 'सामाजिक नियमने'.

संस्था किती चिवट असतात, हे किरनापुरातूनच पाहावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. राज्याची सीमा बदलली. पण गोंदिया-भंडाऱ्याकडचा बेटीव्यवहार थांबला नाही. मात्र तो बहुतांशी जातीच्या आतच राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, असे प्रतिपादन केले होते. हिवतापापासून वाहकाला मिळणाऱ्या संरक्षणामुळे सिकलसेलचे जनुक टिकले, हे वैद्यकशास्त्र सांगते. ते विशिष्ट समूहांतच का साचून राहिले, याच्या उत्तरात अंतर्विवाहाचाही वाटा आहे.

आता सिद्धांतांकडे वळू. पहिली दृष्टी कार्यवादाची. समाज हा परस्परावलंबी अवयवांचा देह आहे, असे ती मानते. टॅल्कट पार्सन्स यांनी १९५१ साली 'रुग्ण-भूमिका' मांडली. रुग्णाला नित्य कर्तव्यांतून सूट मिळते व आजाराचा दोष त्याच्यावर येत नाही. मोबदल्यात त्याने बरे होण्याची इच्छा धरावी आणि योग्य वैद्यकीय मदत घ्यावी. तापाच्या रुग्णाला हे चपखल लागू पडते. सिकलसेलचा रुग्ण जन्मभराचा. त्याला सूट तरी किती वर्षे मिळणार?

येथे दुसरी, संघर्षवादी दृष्टी उपयोगी पडते. कार्ल मार्क्सपासून चालत आलेली ही परंपरा विचारते की, सूट कोणाला परवडते? रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या गार चिखलात दिवसभर वाकणाऱ्या मजूर बाईला आपण विश्रांती, भरपूर पाणी आणि थंडीपासून बचाव असा सल्ला देतो. तो शास्त्रशुद्ध आहे; परंतु तो पाळला तर तिची रोजी बुडते. जर्मन वैद्य रूडॉल्फ फिर्शो यांनी १८४८ साली अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीचे मूळ दारिद्र्यात आणि राज्यकारभारात शोधले, ते याच अर्थाने.

तिसरी दृष्टी प्रतीकात्मक आंतरक्रियेची. माणसे वस्तूपेक्षा तिला दिलेल्या अर्थाला प्रतिसाद देतात. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली 'कलंक' या संकल्पनेचे विवेचन केले. एखाद्या खुणेमुळे संपूर्ण माणूसच कमी लेखला जातो, हे त्यांनी दाखविले. 'वाहक' हा आपला तांत्रिक शब्द. दवाखान्याची पायरी उतरताच त्याचा 'खोट असलेली मुलगी' असा अर्थ होतो. आणि मुलाची तपासणी तर कोणी मागतच नाही!

तिन्ही दृष्टी एकत्र ठेवल्या की उपायही दिसू लागतो. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. त्याचे यश केवळ तपासण्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. तपासणी सोयरीक ठरण्यापूर्वी, शाळा-महाविद्यालयाच्या वयातच व्हावी. मुलाची आणि मुलीची सारखीच व्हावी. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात अपत्य रोगग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या तपासणीत सिकलसेल वा थॅलेसिमिया यांपैकी काहीही आढळले नसेल, तर अपत्य फार तर वाहक होईल. हे गणित घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून समजावले पाहिजे. रिपोर्टाची गुप्तता तर आपण पाळतोच. परंतु त्या मातेला गुप्तता मागावी लागू नये, असे वातावरण निर्माण करणे हेही आपलेच काम आहे.

औषधाची चिठ्ठी लिहायला दोन मिनिटे लागतात. शब्दाचा अर्थ बदलायला एखादी पिढी लागते. त्याचा आरंभ मात्र आपल्या टेबलापाशी, पुढच्याच रुग्णापासून करता येईल.